पाठीला चार स्टार, बिलाला दीड : परदेशी फिजिओ ॲपचा माझा अनुभव

आधीच सांगते, ॲपचं नाव टाकणार नाहीये, कमेंटमध्ये विचारू नका. माझं त्यांच्याशी जे काय वाजलं ते माझ्यापुरतं आहे, नाव घेऊन बदनामी वगैरे करायची नाही. युरोपातली कंपनी आहे, पाठ, मान, गुडघे यासाठी घरच्या घरी व्यायाम करून घेणारं ॲप आहे, मोबाईलचा कॅमेरा तुमच्याकडे बघतो आणि कुठे चुकताय ते बोलून सांगतो, आणि महिन्यातून दोनदा त्यांचा एक फिजिओ व्हिडिओ कॉलवर येतो. रिव्ह्यू लांबलचक आहे कारण निम्मा ॲपचा आहे आणि निम्मा त्यांच्या बिलाचा, आणि बिलाचा भाग कोणीच लिहीत नाही.

मी वर्तकनगरला राहते, नोकरी महापे एमआयडीसीत, एका पॅकेजिंग कंपनीत अकाउंट्सला. म्हणजे सकाळी रिक्षाने ठाणे स्टेशन, नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्म, ट्रान्स-हार्बरने कोपरखैरणे, तिथून शेअर रिक्षा, आणि त्या शेअर रिक्षेत चौथी सीट मिळाली की काय होतं ते पाठीलाच विचारा. वर दिवसभर खुर्चीत. दोन वर्षांपूर्वी एमआरआय काढला तर कमरेच्या मणक्यात एल फोर एल फाइव्हला डिस्क थोडी बाहेर, ऑपरेशन नको म्हणाले, व्यायाम करा म्हणाले. राम मारुती रोडच्या एका गल्लीत फिजिओ मॅडम आहेत, एका सिटिंगचे सहाशे, हात इतका चांगला की झोप लागावी, पण आठवड्यातून तीनदा संध्याकाळी सातला तिथे पोचणं मला काही जमेना. ट्रेन लेट झाली की अपॉइंटमेंट गेली. तेव्हा मेलबर्नला असलेला नणंदेचा मुलगा म्हणाला, मामी हे ॲप घे, माझी मान याच्यानेच सुटली.

तर आधी ॲप. चांगलं आहे, खरंच चांगलं आहे. सुरुवातीला वीस-पंचवीस प्रश्न विचारतं, कुठे दुखतं, पायात मुंग्या येतात का, खोकल्यावर कळ येते का, आणि त्यातल्या एकाला मी हो म्हंटल्यावर पुढे जायच्या आधी डॉक्टरला दाखवलंय का हे पुन्हा विचारलं, ते मला आवडलं. व्यायाम रोजचे पंधरा मिनिटं. कॅमेऱ्याला तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत दिसायला हवं म्हणून फोन सहा-सात फूट लांब ठेवायचा असतो, वन बीएचकेच्या हॉलमध्ये सहा-सात फूट म्हणजे फोन थेट किचनच्या ओट्यावर जातो, त्यामुळे तो तूरडाळीच्या डब्याला टेकवून ठेवते. पहिल्या आठवड्यात एकदा डबा सरकला आणि फोन परातीतल्या कणकेत. नवरा मधून पाणी प्यायला गेला की ॲप म्हणतं, फ्रेममध्ये एकाच माणसाने थांबावं. पण कंबर डावीकडे झुकतेय, गुडघा आत जातोय हे जे ते सांगतं ना ते अगदी बरोबर असतं, फिजिओ मॅडमना नंतर मी व्हिडिओ दाखवला तर त्यासुद्धा म्हणाल्या की चूक बरोबर पकडलीय.

व्हिडिओवाला फिजिओ सज्जन माणूस आहे. त्याच्या दुपारी, म्हणजे आपल्या रात्री नऊ-साडेनऊला बोलायचं. फक्त आपलं जग त्याला माहीत नाही. पहिल्याच कॉलला विचारलं की प्रवास किती, मी म्हंटलं ट्रेनने रोज तासभर धरा, तर म्हणाला ट्रेनमध्ये बसल्यावर पाठीमागे छोटी उशी घ्या. बसल्यावर! मी त्याला समजावलं की सकाळी बसायला मिळत नाही, तर अगदी गंभीरपणे म्हणाला की मग सीट आधी रिझर्व्ह करत जा. तेव्हापासून त्याने मला उभं राहायचे व्यायाम दिलेत, एका पायावर भार कसा बदलायचा वगैरे, ते मात्र रोज कामी येतात. तीन महिन्यांत खाली वाकून पायातली चप्पल नीट करता यायला लागली, सहा महिन्यांत रात्री कुशीवर वळताना जाग येणं बंद. म्हणून पाठीला चार स्टार. पाचवा का नाही, तर मराठी नाहीच, हिंदी आहे पण ती अशी की 'आपकी श्रोणि को तटस्थ रखें', त्यापेक्षा इंग्लिश बरं.

आता बिल. वर्षाचा प्लॅन ८९ डॉलर, मोठ्या हिरव्या अक्षरात, बाजूला खोडलेली १४९ची किंमत. ठीक. यूपीआय नाही, कार्डच लागतं. सगळं भरून शेवटच्या पानावर गेले तर टोटल १०५.०२. खाली बारीक अक्षरात टॅक्स १६.०२. आता मी रोज बिलंच बघते, माणूस नंतर बघते आणि जीएसटी नंबर आधी, त्यामुळे लगेच कळलं की अठरा टक्के लावलेत. ऑफर संपायला सात मिनिटं असं घड्याळ वर फिरत होतं म्हणून भरून टाकले, घाई नडली. बँकेचं स्टेटमेंट आलं तेव्हा डॉलर ८७ रुपयांनी धरून ९,१३६.७४, त्यावर माझ्या कार्डाचा साडेतीन टक्के फॉरेन करन्सी मार्कअप ३१९.७९, आणि त्या मार्कअपवर परत अठरा टक्के जीएसटी ५७.५६. टोटल ९,५१४.०९. हिरव्या अक्षरातले ८९ डॉलर म्हणजे ७,७४३ रुपये होते. सतराशे एकाहत्तर रुपये वरचे कुठून आले हे ज्याला कळत नाही तो बिचारा डॉलर वाढला असं समजून गप्प बसतो.

माझं पहिलं म्हणणं असं होतं की हे टॅक्स लावूच कसे शकतात. राम मारुती रोडच्या मॅडम कधी जीएसटी लावत नाहीत, डॉक्टर लावत नाही, आरोग्यसेवेला माफी आहे हे मला ऑफिसमुळे माहीत. मग हे कोण युरोपात बसून भारताचा टॅक्स घेणारे? आणि घेतलेला टॅक्स दिल्लीला पोचतो की यांच्याच खिशात? मेलवर जे बिल आलं त्यावर नुसतं 'टॅक्स अठरा टक्के', जीएसटी नंबर नाही. आणि कळस म्हणजे पत्त्यात ठाणे, पिनकोड बरोबर, आणि राज्य : अंदमान आणि निकोबार. झालं असं होतं की राज्याच्या यादीत पहिलं नाव ए वरून अंदमानचं, तेच आपोआप भरलं गेलेलं, आणि घड्याळाच्या घाईत मी बदललंच नाही. चूक निम्मी माझी. पण पिनकोड ४००ने सुरू होतोय आणि राज्य अंदमान, हे त्यांच्या सिस्टीमला खटकायला नको? कॅमेऱ्याला माझा गुडघा दोन इंच आत गेलेला दिसतो.

भांडायच्या आधी माहिती हवी म्हणून आमच्या कंपनीचे सीए सर ऑडिटला आले तेव्हा चहाच्या वेळी त्यांना बिल दाखवलं. मला वाटलं म्हणतील, मॅडम, फसवलं तुम्हाला. तर ते म्हणाले, "टॅक्स बरोबर आहे मॅडम, बिल चुकीचं आहे." आणि मग पाऊण तास बोलले, चहा गार झाला.

त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते, सीए लोकांनी सांभाळून घ्या. इंटरनेटवरूनच पोचणाऱ्या सेवेला कायद्यात ओआयडीएआर (ऑनलाइन माहिती आणि डेटाबेस सेवा) म्हणतात, सीए लोकांच्या बोलण्यात ओइडार. ॲप, ऑनलाइन गाणी, सिनेमे, क्लाउड, गेम सगळं त्यात. साधारण नियम असा की परदेशातून सेवा घेतली तर भारतात घेणाऱ्यानेच टॅक्स भरायचा, रिव्हर्स चार्ज, ते आम्ही कंपनीत करतोच. पण माझ्यासारखी जीएसटी नंबर नसलेली बाई कुठे चलन भरत बसणार, म्हणून आयजीएसटी (राज्याबाहेरच्या आणि परदेशी व्यवहारांवरचा जीएसटी) कायद्याच्या कलम १४ने ती जबाबदारी विकणाऱ्या परदेशी कंपनीवर टाकलीय. हे काही जीएसटीने नवीन आणलेलं पण नाही, सर्व्हिस टॅक्सच्या काळात १ डिसेंबर २०१६पासूनच सुरू झालं होतं. आणि आपल्याकडे सेवा देणाऱ्याला वीस लाखांपर्यंत सूट असते तशी यांना नाही, भारतात पहिला गिऱ्हाईक मिळाला की रजिस्ट्रेशन घ्यायचं. अर्ज वेगळा, आरईजी-१०. रिटर्न वेगळं, जीएसटीआर-५ए, पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत. सगळ्या देशाचं काम एकाच ठिकाणी, बेंगळुरू वेस्टच्या कमिशनरकडे. भारतात ऑफिस नसेल तर कोणीतरी प्रतिनिधी नेमायचा. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट, त्यांना नाही. म्हणजे आमच्या कंपनीपेक्षा कागद कमी, तरी बिलावर नंबर टाकायला जमत नाही.

मग मी माझा हुकमाचा एक्का काढला, सर पण आरोग्यसेवा माफ आहे ना? तर म्हणाले, माफीची ओळ नीट वाचा. ती कोणाला आहे, तर क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट (दवाखाना, हॉस्पिटल वगैरे), नोंदणी असलेला वैद्यकीय व्यावसायिक आणि पॅरामेडिक. आणि व्यावसायिक म्हणजे भारतातल्या कायद्याने मानलेल्या कौन्सिलकडे नोंदलेला. राम मारुती रोडच्या तुमच्या मॅडम त्यात बसतात. तुमचं ॲप कोणत्या कौन्सिलकडे नोंदलंय? मी गप्प. घरी येऊन ॲपच्या अटी उघडल्या, ज्या आपण कोणीच वाचत नाही, तर तिसऱ्या परिच्छेदात सरळ लिहिलंय की ही सेवा वैद्यकीय निदान किंवा उपचार नाही, वेलनेस आहे. जाहिरातीत पाठदुखीवर उपचार आणि अटींमध्ये वेलनेस! कोर्टात जायची वेळ आली तर वेलनेस आणि पैसे घ्यायची वेळ आली तर उपचार. टॅक्सच्या बाबतीत मात्र त्यांनी स्वतःच स्वतःला माफीच्या बाहेर काढलंय, त्यात माझं काय चालणार.

एक प्रश्न मला जास्त सतावत होता. तो फिजिओ तर जिवंत माणूस आहे, कॉलवर बोलतो, ते कसलं ओइडार? इथे सीए सरांचे डोळे चमकले. म्हणाले, पूर्वी व्याख्येत असं होतं की सेवा मुख्यतः आपोआप चालणारी हवी, माणसाचा हात कमीत कमी, त्यामुळे बऱ्याच परदेशी कंपन्या म्हणायच्या की आमच्याकडे शिक्षक आहे, कोच आहे, आम्ही ओइडार नाहीच. १ ऑक्टोबर २०२३पासून ते शब्दच काढून टाकले. त्याच तारखेपासून दुसरा बदल, आधी फक्त घरगुती वापरासाठी घेणाऱ्यालाच हा नियम होता, आता जीएसटी नंबर नसलेला कोणीही, कशासाठीही घेवो. तरी समजा परदेशातल्या डॉक्टरने नुसता कॉल घेतला आणि फी घेतली, ॲप नाही काही नाही, तर गोष्ट वेगळी होऊ शकते, कारण व्यक्तीने स्वतःच्या कामासाठी, धंद्यासाठी नाही, परदेशातून घेतलेल्या सेवेला आयजीएसटी माफ आहे. फक्त ओइडारला ती माफी लागू नाही. म्हणजे सगळा खेळ ती सेवा कोणत्या खान्यात बसते त्यावर. मी विचारलं मग माझ्या प्लॅनमधले महिन्याचे दोन कॉल वेगळे काढून त्यावर टॅक्स नको म्हणू का? तर हसले. म्हणाले, "थाळी घेतली की लोणच्याचं वेगळं बिल मागता का तुम्ही?" एकच किंमत, एकच प्लॅन, मुख्य वस्तू ॲप, कॉल हे लोणचं, जो दर ॲपला तोच सगळ्याला.

पण मला एक गोष्ट अजून पटलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून जिम आणि योगा क्लासचा जीएसटी अठरावरून पाच टक्के झाला, आरोग्य विम्याच्या वैयक्तिक पॉलिसीवर शून्य झाला, ग्लुकोमीटरसुद्धा बारावरून पाचवर आलं. वर्तकनगरच्या जिममध्ये ट्रेडमिलवर धावलं तर पाच, फिजिओकडे गेलं तर शून्य, आणि तोच व्यायाम घरात डाळीच्या डब्यासमोर केला तर अठरा. नियम आहे, मान्य. पण ज्या बाईला सातची अपॉइंटमेंट ट्रेनमुळे पाळता येत नाही तिलाच जास्त टॅक्स.

आता घरच्यांचे सल्ले. मेलबर्नवाला म्हणाला, मामी व्हीपीएन लाव आणि दुसऱ्या देशातून घे. मी म्हंटलं अरे बाबा, आयपी ॲड्रेस हा सातातला एक पुरावा आहे. ग्राहक भारतात आहे हे ठरवायला कायद्यात सात गोष्टी दिल्यात, दिलेला पत्ता, कार्ड भारतातलं आहे का, बिलिंग पत्ता, आयपी, बँक कुठली, सिमचा देशाचा कोड आणि लँडलाइन, यातल्या एकमेकींना न खोडणाऱ्या कुठल्याही दोन जुळल्या की झालं. लँडलाइन आम्ही केव्हाच काढून टाकला आणि आयपी खोटा दाखवला तरी कार्ड, बँक आणि प्लस नाइन्टी वन राहतंच. आणि खरं सांगायचं तर अकाउंट्समध्ये काम करून टॅक्स चुकवायला व्हीपीएन लावणं मला शोभलं नसतं. त्याच्याकडे गंमत अशी की त्यालाही टॅक्स लागतोच, ऑस्ट्रेलियात परदेशी डिजिटल सेवेवर १ जुलै २०१७पासून दहा टक्के जीएसटी आहे, पण त्याला जी किंमत दिसली त्यात तो धरलेला होता, त्यामुळे त्याला पत्ताच नव्हता. म्हणजे या कंपनीला टॅक्ससकट किंमत दाखवता येते. आपल्याला दाखवत नाही एवढंच.

दुसरा सल्ला जाऊबाईंचा. त्यांचं घोडबंदर रोडला बुटीक आहे, जीएसटी नंबर आहे. म्हणाल्या, अगं त्या चेकआउटवर टॅक्स आयडीचा रकाना असतो, माझा नंबर टाक, टॅक्स गायब होतो. होतो खरा! कारण कंपनी समजते की गिऱ्हाईक रजिस्टर्ड आहे, तो रिव्हर्स चार्जने स्वतः भरेल. पण मग ते अठरा टक्के जाऊबाईंनी भरायचे, आणि वैयक्तिक वापराच्या गोष्टीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे खिशातूनच. हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या की बरेच जण असंच करतात. करत असतील. मी म्हंटलं माझ्या कमरेसाठी तुमच्या दुकानाला नोटीस नको.

तर मी सपोर्टला मेल केला. मुद्देसूद, नमस्कार-चमत्कार न करता : जीएसटी नंबर द्या, राज्य महाराष्ट्र करा, आणि भारतातल्या पानावर किंमत टॅक्ससकट दाखवा. पहिलं उत्तर दोन तासांत, चॅटबॉटचं, की तुमच्या पाठीच्या प्रवासात आम्ही तुमच्यासोबत आहोत. दुसरं चार दिवसांनी, माणसाचं, की टॅक्स तुमच्या देशाचा आहे, प्रश्न तुमच्या सरकारला विचारा. हे वाचून माझं डोकं फिरलं. टॅक्स आमच्या देशाचा हे मी मान्य केलंय रे बाबा, नंबर तुझा मागतेय मी! तिसऱ्या मेलमध्ये मी लिहिलं की नंबर नसताना टॅक्स म्हणून पैसे घेतले असतील तर ते काय आहे ते मला एका शब्दात सांगा. आणि खाली टाकलं की भारतात नोव्हेंबर २०२३पासून डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाईकाला चकवायच्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात शेवटच्या पानावर किंमत फुगवायला ड्रिप प्रायसिंग असं नाव आहे, आणि माझ्याकडे १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. घड्याळ दाखवून घाई करणं पण त्यातच येतं, ते लिहायचं विसरले, नंतर आठवलं.

सहाव्या दिवशी नवीन बिल आलं. त्यावर नंबर होता. पंधरा अक्षरांचा, ९९ने सुरू होणारा, मध्ये देशाची तीन अक्षरं. आपल्या महाराष्ट्रातल्या दुकानांचा २७ने सुरू होतो, यांचा ९९, ही खूण लक्षात ठेवा. जीएसटी पोर्टलवर टाकून बघितला तर कंपनीचं नाव तेच आलं, रजिस्ट्रेशन चालू. म्हणजे नंबर होताच त्यांच्याकडे, नुसता बिलाच्या फॉरमॅटमध्ये टाकला नव्हता! इतके दिवस मी ज्यांना चोर समजत होते ते नुसते आळशी निघाले, आणि मला थोडं वाईट वाटलं आणि थोडा जास्त राग आला. राज्य पण महाराष्ट्र करून दिलं. अंदमानचं एवढं काय असं नवरा म्हणाला, पण आयजीएसटीमधला राज्याचा वाटा कुठे जाणार हे त्या एका शब्दावर ठरतं, म्हणून तर ओइडारच्या बिलावर ग्राहकाच्या राज्याचं नाव, रक्कम कितीही छोटी असली तरी, टाकायलाच लागतं. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून रिक्षा जाते तेव्हा माझी डिस्क दुखते, तर माझ्या डिस्कचा टॅक्स निदान महाराष्ट्राच्या नावावर तरी पडू दे.

इथे संपलं असतं तर बिलाला तीन स्टार दिले असते. पण नवऱ्याने मध्येच त्याच्या गुडघ्यासाठी वेगळा प्लॅन घेतला. परत तेच, ८९ अधिक १६.०२. पाच दिवस केलं आणि म्हणाला मला कोणीतरी बघतंय असं वाटतं, मी तलावपाळीला चालायलाच जातो. चौदा दिवसांत पूर्ण पैसे परत असं त्यांचंच वचन आहे, म्हणून कॅन्सल केलं, आठवड्याने पैसे आले, ८९. टॅक्स नाही. विचारलं तर उत्तर, टॅक्स नॉन-रिफंडेबल आहे, तो सरकारला गेला.

हे उत्तर ज्या कोणाला मिळेल त्याने गप्प बसू नका. सेवा रद्द, पैसे परत, तर त्यावरचा टॅक्स पण परत, साधी गोष्ट आहे, आम्ही रोज करतो, क्रेडिट नोट काढायची आणि रिटर्नमध्ये तेवढी रक्कम कमी दाखवायची. विक्रीच राहिली नाही तर टॅक्स कशावरचा? हे मी त्यांना लिहिलं, सोबत त्यांच्याच पानाचा स्क्रीनशॉट जोडला ज्यावर 'पूर्ण पैसे' असं लिहिलंय, आणि विचारलं की पुढच्या २० तारखेला जे रिटर्न भरणार त्यात माझ्या नवऱ्याची विक्री दाखवणार आहात का. तीन मेल झाले. मग एका बाईचं उत्तर आलं, अगदी माणसासारखं, की आमच्या भारतातल्या प्रतिनिधीला विचारलं, तुमचं बरोबर आहे. १६.०२ डॉलर परत आले, तोवर डॉलर ८६ झालेला म्हणून १,३७७ रुपये ७२ पैसे, गेले होते १,३९३.७४. सोळा रुपये गेले आणि मार्कअप गेला तो गेलाच, तो बँकेचा, त्यासाठी भांडायला माझ्यात दम नाही.

म्हणून दीड. अर्धा त्या शेवटच्या बाईसाठी आहे.

घ्यायचं की नाही विचाराल तर ज्यांना फिजिओकडे जाता येतं त्यांनी जा, हाताला पर्याय नाही आणि बिलावर टॅक्सही नाही. पंधरा-सोळा सिटिंगमध्ये तेवढेच पैसे होतात हे खरं, पण ॲप वर्षभर चालतं. ज्यांना वेळच जमत नाही त्यांनी घ्या, फक्त दाखवलेल्या डॉलरमध्ये मनातल्या मनात अठरा टक्के आणि कार्डाचे साडेतीन मिळवूनच ठरवा, आणि राज्याचा रकाना उघडून बघा. ऑटो रिन्यूअलची भीती वाटत असेल तर एवढ्या रकमेला बँक चोवीस तास आधी मेसेज पाठवते, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तेव्हा थांबवता येतं.

माझं रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. काल ॲपमध्ये प्लॅनचं पान उघडून बघितलं. हिरव्या अक्षरात आता १०५.०२ लिहिलंय, खाली 'टॅक्ससहित'. नवऱ्याला हाक मारून दाखवलं, तो म्हणाला तुझ्यामुळे झालं असेल, मी म्हंटलं असेल. मग सहज नवीन पत्ता टाकायचं पान उघडलं, ठाणे लिहिलं, पिनकोड टाकला. राज्याच्या रकान्यात अंदमान आणि निकोबार.